कॅटमध्ये नसलेला पत्ता

न्यू ऑर्लिअन्सच्या कॅथीड्रलसमोरच्या चौकात टॅरोचे पत्ते वाचणारे वीस-पंचवीस जण बसत, आणि त्यातले निम्मे नुसते गोडबोले होते. समोरच्याच्या तोंडाकडे बघून त्याला काय हवंय ते ताडायचं आणि तेच पत्त्यांत वाचून दाखवायचं, एवढं त्यांचं कसब. उंच नवरा, परदेशवारी, आजीचा आशीर्वाद. माणूस खूश होऊन उठायचा आणि पुढच्या कोपऱ्यावर बियर घेईपर्यंत सगळं विसरून जायचा.

व्हर्लीन गॅस्पार्ड त्या वाटेला कधी गेली नाही. लोखंडी कुंपणाला पाठ टेकवून, जांभळ्या छत्रीखाली तिचं घडीचं टेबल बावीस वर्षं लागत होतं. चौकात म्हणायचे, गोड ऐकायचं असेल तर कुठेही बसा, खरं ऐकायचं असेल तर मिस व्हर्लीनकडे जा आणि जाताना रुमाल घेऊन जा.

त्याआधी अठरा वर्षं ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती. तिथे तिने एक गोष्ट पक्की हेरली होती. गम्बो नावाच्या रश्श्यातल्या भेंडीला घाबरणारी पोरं भेंडीकडे कधी धड बघतच नाहीत. डोळे मिटतात, नाक दाबतात, आणि मग जी काय भीती वाटते ती मिटल्या डोळ्यांतल्या भेंडीची. ताटातली बिचारी तशीच पडून असते. पुढे पत्ते वाचताना तिने तोच धडा चालवला. भयंकर चित्राचा पत्ता निघाला आणि समोरच्याचा चेहरा उतरला, की बाकीचे वाचणारे घाईघाईने अर्थ सांगून त्यावर साखर पेरत. व्हर्लीन अर्थाला हातच लावत नसे. ती पत्ता उचलून समोरच्याच्या हातात द्यायची आणि म्हणायची, "आधी बघ. कोपऱ्यापासून सुरू कर."

एकदा लग्नाआधीची मौज करायला सात मुली आल्या होत्या, डोक्यावर प्लास्टिकचे मुकुट घालून. नवरीच्या पुढ्यात नेमका मृत्यूचा पत्ता पडला, घोड्यावर बसलेला चिलखतातला सांगाडा. नवरी मागे सरकली ती खुर्चीसकट.

"घोडा कुठल्या रंगाचा?" व्हर्लीनने विचारलं.

"मला नको हे."

"पैसे दिलेत ना? मग घोड्याचा रंग तरी सांग."

"पांढरा."

"पायाखाली कोण पडलंय?"

"राजा असेल. मुकुट पडलाय त्याचा."

"आणि समोर गुडघे टेकून?"

मुलगी वाकली. "एक लहान मूल आहे. ते वर बघतंय त्याच्याकडे."

"घाबरलंय?"

"नाही. नुसतं बघतंय."

"मग तू काय त्या मुलापेक्षा लहान आहेस?"

मैत्रिणी हसल्या. नवरी हसली नाही. जरा वेळाने तिने आपणहून सांगितलं, की लग्नानंतर तिने नोकरी सोडावी असं होणाऱ्या नवऱ्याचं म्हणणं आहे आणि ते तिने अजून कुणाला बोलून दाखवलेलं नाही. व्हर्लीन म्हणाली, "हे पत्ता नाही बोलला बाळा, तू बोललीस. आता जाऊन त्याच्याशीही बोल." दुसऱ्या वर्षी त्या मुलीचं पत्र आलं. लग्न झालं होतं, नोकरीही टिकली होती.

अशी ही बाई. पण लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच नाही केली. टॅरोच्या कॅटमध्ये अठ्ठ्याहत्तर पत्ते असतात. व्हर्लीनच्या कॅटमध्ये सत्त्याहत्तरच होते, आणि हे तिच्याखेरीज कुणालाही ठाऊक नव्हतं.

नव्हता तो दहा तलवारींचा पत्ता. त्यावर एक माणूस पालथा पडलेला असतो आणि त्याच्या पाठीत मानेपासून खाली ओळीने दहा तलवारी रुतलेल्या असतात. व्हर्लीनचा नवरा आल्से घरांची छपरं शाकारायचा. नऊ वर्षांपूर्वी एका सकाळी तो छपरावरून पडला. ती पोचली तेव्हा तो अंगणात पालथा होता आणि कमरेच्या पिशवीतले छपराचे खिळे त्याच्या पाठीवर सांडलेले होते. त्यानंतर महिन्याने ती कामावर परतली. पत्ते पिसताना हातात तो पत्ता आला, आणि चौकातली सगळ्यात धीट बाई टेबल तसंच सोडून चर्चच्या मागच्या गल्लीत जाऊन उलटी करून आली. त्या दिवशी तिने तो पत्ता कॅटमधून काढला आणि घरी चमच्यांच्या खणात, कागदाखाली सरकवून ठेवला. चार दिवसांनी परत घालू म्हणाली. चार दिवसांची नऊ वर्षं झाली.

तिला हे रोज खायचं, असं म्हटलं तर खोटं होईल. अडचण अंगवळणी पडते. तिचं मन खायचं ते वर्षातून एकदा, राखेच्या बुधवारी.

कार्निव्हलचा धुमाकूळ मंगळवारी रात्री संपतो आणि बुधवारी सकाळी चौक कसा झाडून काढल्यासारखा रिकामा असतो. माणसं चर्चमध्ये जाऊन कपाळाला राख लावून येतात. जुन्या पत्तेवाल्यांचा त्या दिवशीचा एक नेम होता. गेल्या दोन आठवड्यांत पत्त्यांवर सांडलेली दारू, साखर, चमकी ओल्या फडक्याने पुसायची, पत्त्यांना टाल्कम पावडर लावायची आणि मग शेजाऱ्याचा कॅट मोजायचा. आपला आपण मोजायचा नाही. गर्दीत एखादा पत्ता कुणाच्या बाहीत, कुणाच्या पर्समध्ये गेलेला असतो आणि अपुऱ्या कॅटवर वाचणं म्हणजे अपुऱ्या मापाने विकणं, असं त्या म्हाताऱ्यांचं मत होतं. मात्र मोजताना पत्ते पालथे ठेवायचे. दुसऱ्याच्या पत्त्यांची तोंडं बघणं चांगल्या माणसाचं लक्षण नव्हे.

या सभ्यपणावरच व्हर्लीनचं निभावत होतं. कॅटबरोबर छापणाऱ्याच्या जाहिरातीचा एक जास्तीचा पत्ता येतो. पाठीवर तीच निळी नक्षी, पुढे मजकूर. राखेच्या बुधवारी सकाळी ती तो पत्ता कॅटमध्ये घालायची आणि संध्याकाळी काढायची.

तिचा कॅट मोजायचा ऑक्टेव्ह गिलरी. हा चौऱ्याहत्तर वर्षांचा गृहस्थ पूर्वी बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचा. पुढचे दात गेले तसा ट्रॉम्बोन गेला, आणि मग तो लोकांचे हात बघायला लागला. पत्तेही वाचायचा, पण व्हर्लीनच्या मते वाचण्यापेक्षा बडबडायचाच जास्त.

"अठ्ठ्याहत्तर," त्या वर्षीही ऑक्टेव्हने कॅट टेबलावर आपटला. "तुझा एकही पत्ता कधी हरवत नाही. माझे दरवर्षी दोन जातात. लोक तुला घाबरतात की काय?"

"तुझ्याकडे लोक झोपेत बसतात, म्हणून पत्ते पडतात."

"राख लावून आलीस ना? मग आज तरी गोड बोल."

"राख लावलीय म्हणूनच बोलत नाहीये जास्त."

ती हसली आणि तिने कॅट आपल्याकडे ओढून घेतला. तेवढ्यात समोरून रोशेल व्हर्डिन येताना दिसली. तिच्याही कपाळावर राखेचा क्रॉस होता आणि हातात सुकवलेल्या कोळंबीची पुडी. ही खाली खाडीकडच्या गावातली, कोळंबी सोलायच्या शेडमध्ये काम करणारी बाई. नवरा विल्बर्ट समुद्रातल्या तेलाच्या रिगवर. चौदा दिवस पाण्यात, चौदा दिवस घरी. अकरा महिने ती दर पाळीच्या आधी दीड तास गाडी हाकत येत होती. तीन पत्ते काढायची, फारसं काही न विचारता बघायची आणि जायची. व्हर्लीनला ती आवडायची. कमी बोलणारी माणसं तिला आवडतच.

"परवा शुक्रवारी जातोय तो," रोशेल बसत म्हणाली. "आज जरा नीट पिसा, मिस व्हर्लीन. आजचं जास्त महत्त्वाचं आहे."

"का गं?"

"गेल्या महिन्यात तिथे क्रेनची साखळी तुटली. एकाचा खांदा गेला. इकडे माझ्या दिराने, लिरॉयने, होड्या दुरुस्तीच्या शेडमध्ये विल्बर्टसाठी जागा धरून ठेवलीय. पगार कमी आहे, पण पाय जमिनीवर. उद्या संध्याकाळपर्यंत हो की नाही ते सांगायचंय."

"मग तुमचं काय ठरलंय?"

रोशेलने खुर्ची पुढे ओढली.

"हसणार नसाल तर सांगते. मला तुमच्या पत्त्यांत एकच बघायचं असतं. तो पालथा माणूस, पाठीत दहा तलवारीवाला. माझ्या बहिणीकडे टॅरोचं पुस्तक होतं, त्यात पाहिला होता. तेव्हापासून विल्बर्ट रिगवर गेला की चौदा दिवस माझ्या डोळ्यांपुढून ते चित्र हलत नाही. भांडी घासताना दिसतं, कोळंबी सोलताना दिसतं. मग मी मनाशी ठरवलं. मिस व्हर्लीनकडे जायचं. त्या खोटं वाचत नाहीत. तो पत्ता आला तर विल्बर्टला जाऊ द्यायचं नाही. नाही आला तर जा म्हणायचं. अकरा महिन्यांत एकदाही नाही आला."

व्हर्लीनचे पिसणारे हात थांबले.

"विल्बर्टला हे माहितीय?"

"छे. वेडी म्हणेल मला. मी नुसतं सांगते, मिस व्हर्लीन म्हणाल्या सगळं ठीक आहे. काढा ना."

माणसाचे हात सवयीने काय काय करतात बघा. व्हर्लीनच्या डोक्यात काहूर माजलं होतं आणि हात मात्र पत्ते काढून मोकळे झाले. पेल्यांची राणी. काठ्यांची तिर्री. चंद्र. रोशेलने तिन्हीकडे बघितलं आणि तिचे खांदे खाली आले. ती बराच वेळ श्वास धरून बसली होती हे व्हर्लीनला तेव्हा कळलं.

"नाही आला," रोशेल म्हणाली. "म्हणजे जाऊ दे त्याला. दिराला नाही म्हणून कळवते." तिने कोळंबीची पुडी टेबलावर ठेवली, व्हर्लीनचा हात दाबला आणि ती चालायला लागली.

व्हर्लीन बसून राहिली. तिचं काय चाललं होतं ते सांगायला हवं, नाहीतर ही बाई नुसती देवता वाटेल. ती हिशेब करत होती. कुणाला कळणार आहे? रिगवर हजारो माणसं जातात आणि सुखरूप येतात, विल्बर्टही येईल. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि उघडली तर? बावीस वर्षांत एकच गोष्ट कमावली होती, की ही बाई खोटं वाचत नाही. ती गेली की उरलं काय, जांभळी छत्री. हा सगळा हिशेब तिने केला, आणि तेवढ्यात रोशेल चौकाचं फाटक ओलांडून गेली.

मग व्हर्लीन उठली आणि पळाली. एकसष्ट वर्षांची, दोन्ही गुडघे झिजलेली बाई, कॅट टेबलावर उघडा टाकून पळाली. पत्तेवाला आपला कॅट कधी सोडून जात नाही. ऑक्टेव्ह उभाच राहिला. "व्हर्लीन, आग लागलीय का कुठे?" तिने मागे बघितलं नाही.

रोशेल तिला कोपऱ्यावरच्या कॉफीच्या रांगेत सापडली. पुढेमागे आठ-दहा माणसं होती. व्हर्लीनला धाप लागली होती.

"बाळा, फोन केलास दिराला?"

"नाही अजून. काय झालं? काही राहिलं का?"

"तो पत्ता येणारच नव्हता. माझ्या कॅटमध्ये तो नाहीच. नऊ वर्षांपूर्वी मी काढून ठेवलाय."

रोशेलला आधी कळलंच नाही. मग कळलं. रांग पुढे सरकली, पण ती जागची हलली नाही.

"म्हणजे अकरा महिने मी माझ्या नवऱ्याला तुमच्या भरवशावर पाण्यात पाठवलं."

"हो."

"आणि आत्ता पण मला जाऊ दिलंत. टेबलावरून उठून."

"हो. उठून गेल्यावर मला राहवलं नाही."

"का काढलात?"

"बघवत नव्हता मला."

"मला कुठे बघवत होता?" रोशेलचा आवाज चढला नाही, त्यामुळे जास्तच लागला. "मला बघवत नव्हता म्हणूनच तर तुमच्याकडे येत होते."

माझा नवरा गेला, मी एकटी पडले, असं एक वाक्य टाकलं असतं तर त्या पोरीने कदाचित माफही केलं असतं. व्हर्लीनने ते टाकलं नाही. ती म्हणाली, "चूक माझी आहे. पत्त्यांच्या भरवशावर नवऱ्याला पाठवू नकोस, त्याच्याशी बोल." रोशेलने कॉफी न घेताच गाडीची वाट धरली. रांगेतली माणसं उगाच फलकावरचे भाव वाचू लागली.

चौकात परतली तेव्हा ऑक्टेव्ह तिच्या खुर्चीत बसून होता, दोन्ही हात तिच्या कॅटवर ठेवून.

"सत्त्याहत्तर आहेत ते," व्हर्लीन म्हणाली. "तू मोजलास तो अठ्ठ्याहत्तरावा जाहिरातीचा आहे. नऊ वर्षं तुला फसवतेय. दहा तलवारींचा पत्ता मी घरी ठेवलाय. उद्या सगळ्यांना सांग. मीच सांगेन हवं तर."

ऑक्टेव्हने कॅटवरचे हात काढले नाहीत.

"आल्से गेला तेव्हापासून ना?"

"तुला माहीत होतं?"

"नऊ वर्षं तुझ्या शेजारी बसतोय. एकदाही 'दहा तलवारी' म्हणालेली ऐकली नाही. दात गेलेत माझे, कान नाहीत."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? तू माझ्या बायकोच्या मयताला तीन दिवस आमच्या घरी भात-राजमा शिजवलास. मी तुझा कॅट पकडून देऊ?" तो उठला. "पत्ता कुठाय?"

"चमच्यांच्या खणात."

"मग इथे कशाला उभी आहेस? बस मिळेल अजून. टेबल मी आवरतो."

घरी पोचली तेव्हा स्वयंपाकघरात दुपारचं ऊन होतं. तिने खण उघडला, चमचे काढले, कागद उचलला. पत्ता पालथा होता. तो घेऊन ती टेबलाशी बसली आणि बराच वेळ त्याची निळी पाठ बघत राहिली. मग तिने तो उलटला आणि लोकांना सांगत आली तेच स्वतःला सांगितलं, कोपऱ्यापासून सुरू कर. वरचा कोपरा काळा. आभाळ काळं. त्याखाली पिवळी पट्टी. डोंगर. पाणी. त्यानंतर तो माणूस यायचा होता. तिथे तिची नजर अडली.

अडली ती आल्सेच्या पाठीमुळे नाही. हे तिने नऊ वर्षं स्वतःलाही कबूल केलं नव्हतं. त्या दिवशी सकाळी, याच टेबलावर, कॉफी पिताना तिने रोजच्यासारखा स्वतःसाठी एक पत्ता काढला होता आणि हाच निघाला होता. आल्से दारात बूट चढवत होता. रात्री पाऊस झाला होता, छपरं ओली असणार होती, आणि पत्ता निघण्याच्या आधीपासूनच तिच्या मनात धाकधूक होती. आल्सेने विचारलं, "काय निघालं आज?" तिने पत्त्यावर बशी ठेवली आणि म्हणाली, "पेले." "मग आज संध्याकाळी बियर," म्हणत तो गेला. पत्त्याने त्याला ढकललं असं तिला कधीच वाटलं नाही, एवढी भोळी ती नव्हती. पण जन्मात एकदाच तिने पत्त्यावर साखर पेरली, आणि ती पेरली सख्ख्या नवऱ्यासाठी. मला भीती वाटते, एवढं म्हणायचं होतं. ते न म्हणता बशी ठेवली.

ती तिथेच टेबलावर डोकं ठेवून रडली. नऊ वर्षांत असं रडली नव्हती. मग तोंड धुतलं, कोळंबी भिजत घातली आणि पत्ता पिशवीत ठेवला.

गुरुवारी सकाळी तिने टेबल मांडलं, पण कॅट पिसला नाही. दहा तलवारींचा पत्ता मात्र वेगळा, उताणा ठेवला होता. दहाच्या सुमारास पांढरे रबरी बूट घातलेला एक धिप्पाड माणूस ओळीने सगळ्यांची नावं विचारत आला आणि तिच्यासमोर उभा राहिला. खुर्चीवर बसावं की नाही, याचा त्याला अंदाज येत नव्हता.

"मी विल्बर्ट व्हर्डिन. रोशेलचा नवरा."

"बस बाबा. शिव्या द्यायच्या असतील तर बसून दे."

"शिव्या तिने दिल्या रात्रभर. मला आणि तुम्हाला, दोघांनाही." तो बसला, खुर्ची करकरली. "म्हणाली ते चित्र दिसतं तिला. मी म्हटलं कसलं चित्र. ती सांगेना, नुसती रडायला लागली. म्हणून आलो. मला बघायचाय तो पत्ता."

व्हर्लीनने पत्ता त्याच्या हातात दिला. त्याच्या जाड बोटांत तो फारच लहान दिसत होता.

"कोपऱ्यापासून सुरू कर," ती म्हणाली.

"आभाळ काळं आहे. पण खाली उजाडतंय. पाणी शांत आहे. असलं पाणी असेल तर होडी काढायला हरकत नाही." मग तो खाली आला आणि थांबला. तलवारी त्याने एकेक करून मोजल्या, ओठ हलवत. "आणि हा मी?"

"तिला दिसतोस तो."

"दर वेळी?"

"चौदा दिवस. भांडी घासताना, कोळंबी सोलताना."

विल्बर्टने पत्ता टेबलावर ठेवला, पण हात त्यावरून काढला नाही. "मला दारात म्हणते, मोजे घेतलेस का. तेवढंच विचारते. मी म्हणतो घेतले. मला वाटायचं, हिला काळजीच नाही फारशी. बरं आहे, निवांत जाता येतं." त्याने पत्ता तिच्या बाजूला सरकवला. "तुम्हाला का नव्हता बघवत?"

मग व्हर्लीनने त्याला सांगितलं. बशी, पेले, ओली छपरं, बियर, सगळं. असं तिने कुणालाही सांगितलं नव्हतं आणि सांगितलं ते कुणाला, तर दहा मिनिटांपूर्वी भेटलेल्या रबरी बुटातल्या माणसाला. शेजारी ऑक्टेव्ह एका पाहुणीचा हात हातात धरून गप्प बसला होता. आयुष्यात पहिल्यांदाच तो बडबडत नव्हता.

विल्बर्टने खिशातून फोन काढला आणि तिथेच बसून लावला.

"रोशेल? मी चौकात आहे, त्यांच्याकडे. हो, पाहिला. नाही, जात नाहीये मी. लिरॉयला सांग शेडवर येतो म्हणून. अगं पत्त्यामुळे नाही, पत्ता म्हणजे कागद आहे. तू घाबरतेस म्हणून. एवढंच सांगायचं ना मला. रडू नको. नाही, मोजे राहू देत."

तो उठला. पैसे काढायला गेला तेव्हा व्हर्लीनने मान हलवली आणि त्याने ऐकलं. जाताना त्याने पत्त्याकडे एकदा बघितलं आणि पाहुण्याचा निरोप घ्यावा तशी टोपी किंचित उचलली.

व्हर्लीन पत्त्याकडे बघत राहिली. या वेळी नजर पिवळ्या पट्टीवरून खाली आली, पाण्यावरून खाली आली आणि माणसापाशी थांबली. ती त्याच्यावर वाकली.

"आल्से," ती हळू आवाजात म्हणाली, "आज वर नको चढू. मला भीती वाटतेय."

मग तिने पत्ता कॅटच्या मध्यावर घातला, आणि पिसायला घेतलं.